'हो' म्हणणारा पेशंट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होती. राउंडला एका सिस्टरनी विचारलं, "ए म्हातारे, गोळ्या घेते ना वेळेवर?" आजी म्हणाली, "हो." फाइलवर तसंच लिहिलं गेलं.

दुपारी मी स्टूल ओढून बसले. "आजी, घरी गोळ्या कशा घेता, सांगा बरं." तेव्हा कळलं, महिनाभर पुरावी म्हणून ती शुगरची गोळी अर्धी करून घ्यायची.

पुस्तकात याला ओपन-एंडेड प्रश्न म्हणतात. नर्स आणि पेशंटच्या नात्यावर हिल्डगार्ड पेपलाऊंनी १९५२ सालीच पुस्तक लिहिलं. पण तो 'हो' मी त्याआधीच ओळखत होते. पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून माझा बाप तसाच 'हो' म्हणायचा. दरडावून विचारलं की माणूस खरं सांगत नाही, सुटका करून घेतो.

घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या आपल्याला वाटतं, आपलं कम्युनिकेशन कच्चं आहे. पण हा 'हो' आपल्याइतका कुणाला कळणार? भीती एकच आहे. गणवेश अंगावर चढला की ओट्यावरचा तो आवाज आपल्याही तोंडी येतो. म्हणून आधी 'ए' सोडूया. 'अहो' म्हणूया, आणि उत्तर येईपर्यंत थांबूया.