कोळीण कोणती घ्यावी?

घरांत कुत्रें पाळावें कीं मांजर, या विषयावर वाचकांचीं पत्रें आम्हांकडे नेहमींच येतात. पोपट व लाल मासे यांजविषयींही या सदरांत आम्हीं प्रसंगोपात्त लिहिलें आहे. परंतु कोळी विकत घ्यावयाचा असून तो कोणत्या जातीचा घ्यावा, असा प्रश्न कोणी आम्हांस विचारील असें स्वप्नांतही वाटलें नव्हतें. तो विचारला गेला, आणि तोही परक्याकडून नव्हे, तर प्रत्यक्ष आमच्या नातवाकडून.

हकीकत अशी. आमचे थोरले चिरंजीव इंग्लंडांत लेस्टर शहरीं नोकरीनिमित्त राहतात. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने त्यांजकडे होतों. नातू पंधरा वर्षांचा, नात दीड वर्षाची. गणितांत नातवाची गति बेताची; म्हणून चिरंजिवांनीं त्यास आगाऊ सांगून ठेविलें होतें कीं, परीक्षेंत चांगले गुण मिळविलेस तर मागशील तो प्राणी घेऊन देऊं. बापाच्या मनांत ससा होता. मुलानें गुण मिळविले आणि मागितला टॅरँट्युला, म्हणजे हाताच्या पंजाएवढा केंसाळ कोळी! सूनबाईंनीं स्पष्ट सांगितलें, "तो या घरांत आला तर मी छकुलीला घेऊन माहेरीं जाईन." माहेर साताऱ्यास, तेव्हां ही धमकी लहानसहान नव्हे. दशरथाची गोष्ट आम्हीं शाळेंत तीस वर्षें शिकविली, पण वर देतांना मोघम बोलूं नये हा तिचा उपयोग आमच्याच मुलाच्या ध्यानीं राहिला नाहीं. शेवटीं तंटा आमच्यापुढें आला. आम्हीं निवाडा दिला तो असा: दिलेला शब्द मोडूं नये, कारण मुलगा पुन्हां बापाच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीं, पण शब्दांत प्राणी ठरला आहे, जात ठरलेली नाहीं. जात अशी निवडावी कीं दीड वर्षाच्या मुलीस अपाय होणार नाहीं, आणि निवडीचा शेवटचा अधिकार सूनबाईंचा. सूनबाई हें ऐकून कांहीं बोलल्या नाहींत. तेवढाच होकार आम्ही समजलों.

निवाडा दिला खरा, पण विषयाचें आमचें ज्ञान शून्य. कोळ्यासंबंधीं आमची विद्या दोनच ठिकाणची. एक मुंडकोपनिषद्, जेथें सृष्टीच्या उत्पत्तीस ऊर्णनाभाचा दृष्टांत दिला आहे. दुसरें सुश्रुताचें कल्पस्थान. तेथें लूता सोळा प्रकारच्या सांगितल्या असून, कोपलेल्या वसिष्ठाचा घाम कापलेल्या गवतावर पडला व त्यांतून त्या जन्मल्या, अशी कथा आहे; शिवाय त्यांपैकीं आठांचें विष असाध्य म्हटलें आहे. ही माहिती आम्हीं सर्वांस जेवतांना सांगितली. सांगितली नसती तर बरें झालें असतें.

मग नातवाचीं पुस्तकें वाचावयास घेतलीं. टॅरँट्युला हें नांव इटलींतील तारांतो या गांवावरून पडलें, पण त्या गांवचा मूळ कोळी निराळ्याच कुळांतला. आज ज्यांस हें नांव देतात त्या कुळांत हजाराहून अधिक जाति आहेत. पाळणाऱ्यानें त्यांचे दोन वर्ग मात्र पक्के ओळखावे. एक नव्या जगांतले, म्हणजे अमेरिका खंडांतले. दुसरे जुन्या जगांतले, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडचे. नव्या जगांतील बहुतेकांच्या पोटावर बारीक कांटेरी केंस असतात, व कोळी चिडला म्हणजे मागच्या पायांनीं ते झाडून उधळतो. खाजकुयलीचा प्रसाद ज्यांनीं एकदां घेतला असेल त्यांस अधिक सांगणें नको. जुन्या जगांतल्यांस हे केंस नसतात. ते विजेसारखे पळतात, पळतां न आलें तर चावतात, आणि त्यांचें विष अधिक जहाल.

नातवाचें मन बसलें होतें तें नेमकें या दुसऱ्या वर्गांतल्या एका कोळिणीवर. मोरपिसासारखी निळी, पायांवर पिवळ्या खुणा, पाठीवर पांढरी वेलबुट्टी. "आजोबा, ही आपल्या देशची आहे," तो म्हणाला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही क्षणभर विरघळलों. पोकॉक नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८९९ सालीं हिचें वर्णन केलें. नमुना मिळाला तो गुत्ती येथें, रेल्वेच्या लांकडाच्या वखारींत. गुत्ती म्हणजे आपल्या मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, आजच्या आंध्र प्रदेशांतली! पुढें शंभर वर्षें ही कोणा शास्त्रज्ञाच्या हातीं लागली नाहीं. २००१ सालीं नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलांत पुन्हां सांपडली. गुत्तीस ती लांकडांबरोबर आगगाडीनेंच गेली असावी असा तर्क आहे. तिचें उरलेलें रान शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी, व तीं झाडेंही तुटत चाललेलीं. म्हणून जगांतल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत तिचें नांव आहे. तिच्या प्रजातींतील सर्व कोळी २०१९ सालीं सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखालीं आले. याच प्रजातींतली एक जात आपल्या सह्याद्रींतील झाडांच्या ढोलींत राहते, हें पुष्कळ वाचकांस नवीन वाटेल.

युरोपांत विकावयास असतात त्या निळ्या कोळिणी बहुतेक तिकडेच जन्मलेल्या. पण त्यांच्या आज्या-पणज्या हिंदुस्थानांतून कोणाच्या परवानगीनें गेल्या, असें आम्हीं एका विक्रेत्यास विचारलें, तेव्हां त्यास एकाएकीं दुसरें गिऱ्हाईक दिसलें. असो. नातवास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, ही चावली तर स्नायूंस पेटके येतात आणि ते दिवसचे दिवस राहतात. झांकण उघडतांच ती हातावरून खांद्यावर केव्हां गेली हें कळत नाहीं. आणि घरांत रांगतें-चालतें मूल आहे. तो कांहीं बोलला नाहीं. त्या रात्रीं जेवलाही नाहीं. नकार देण्यांत आमची हयात गेली, पण वर्गांतल्या मुलास नकार देणें निराळें.

राहिली नव्या जगाची मंडळी. दक्षिण अमेरिकेंतली 'गोलायथ' म्हणजे या कुळांतली भीमसेनी. पाय पसरले तर फूटभर भरते, आणि तिचे केंस तितकेच जाचक. तिचा विचार दोन मिनिटांत संपला. गुलाबी बोटांची जात झाडावर राहणारी. तिला हवा फार लागते, आणि उडीही मारते. "उडी" हा शब्द ऐकतांच सूनबाई उठून गेल्या. चिलीची गुलाबी कोळीण स्वभावानें शांत, महिनेच्या महिने उपास करील. पण तिच्यासंबंधीं एक गोष्ट आमच्या वाचनांत आली. लीड्स येथील नेत्रवैद्यांनीं २०१० सालीं 'लॅन्सेट'मध्यें एका रुग्णाची हकीकत दिली होती. पेटीची कांच घांसतांना त्या गृहस्थाच्या तोंडावर कोळ्यानें केंस उधळले. ते बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत रुतले, आणि इतके सूक्ष्म कीं चिमट्यानें काढतां येईनात. ही हकीकत लपविण्याचा मोह आम्हांस झाला. पण निवाडा करणारानें पुरावा दडवूं नये, म्हणून सूनबाईंस ती मोठ्यानें वाचून दाखविली. आतां सर्वच मोडतें, असें वाटलें. त्या मात्र जरा वेळ थांबून म्हणाल्या, "मामंजी, मग पेटीला कुलूप हवें. साफसफाई करायची ती चष्मा लावून, आणि छकुली त्या खोलींत नसतांना." नातू खुर्चीवरून उठून आईजवळ जाऊन उभा राहिला.

शेवटीं दोघी उरल्या. एक मेक्सिकोची लाल गुडघ्यांची, अंगानें काळी, सांध्यांवर केशरी-लाल पट्टे. दिसावयास राजघराण्यांतली, परंतु वाढ अति मंद, आणि केंस उधळण्याची खोड अंमळ जास्त. जंगलांतून ती इतकी पकडली गेली कीं १९८५ सालींच तिजवर सायटिसचें नियंत्रण आलें. दुसरी मध्य अमेरिकेंतली, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या भागांतली कुरळ्या केंसांची. रंग मातकट, अंगावर लांब सोनेरी कुरळे केंस. हिच्या प्रजातीचें नांव २०२० सालीं बदलून त्लिल्तोकात्ल असें झालें आहे. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेंत 'तोकात्ल' म्हणजे कोळी. उच्चारास जड, पण संयुक्ताक्षरांची संवय असलेल्यास न जमण्यासारखें नाहीं. ही स्वभावानें गरीब, खाण्यास चोख, आणि उगाच चिडत नाहीं. आमच्या कुटुंबानें चित्र पाहून "हिला तेल लावून विंचरायला हवी" असा शेरा मारला. सूनबाईंनीं हिच्याच चित्रावर बोट ठेविलें. रूपवतीपेक्षां गरीब स्वभावाची बरी, हा न्याय सुना निवडतांनाही लोक बोलून दाखवितात, पाळीत नाहींत; येथें तो पाळला गेला.

यापुढचा प्रश्न आम्हांस किरकोळ वाटला होता, आणि तोच मुख्य निघाला: पिल्लू घ्यावें कीं मोठें, नर कीं मादी? नखाएवढें पिल्लू अगदीं स्वस्त मिळतें, पण तें नर कीं मादी हें तेव्हां कळत नाहीं, आणि मोठें व्हावयास वर्षें लागतात. नर वयांत आला कीं फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो. मादी वीस वर्षें आणि त्याहूनही अधिक जगते. नातवानें हें वाचून दाखविलें तेव्हां सूनबाईंनीं सरळ विचारलें, "तीन वर्षांनीं तूं कॉलेजला जाशील. मग हिचें कोणी करायचें?" मुलगा गप्प राहिला. वीस वर्षांचा हिशेब आम्हींही मनांत आपल्या वयाशीं करून पाहिला आणि सोडून दिला. चिरंजीव म्हणाले, "मी करीन." त्यांच्या तोंडून आलेला हा दुसरा शब्द, या वेळीं मोघम नव्हता.

शनिवारीं सर्व मंडळी विक्रेत्याकडे गेलों. फळ्यांवर पारदर्शक डबे ओळीनें मांडलेले. एका डब्यांत आमच्याच जातीचा, चांगला मोठा, लांब पायांचा कोळी, आणि किंमत अवघी पंचवीस पौंड! शेजारच्या लहान मादीला साठ. आम्हीं आयुष्यभर काटकसर केलेली. खिशांत हात घातलाही. नातू डबा वर धरून खालून निरखीत होता. तो हळूच मराठींत म्हणाला, "आजोबा, पुढच्या पायांना आंकडे पाहा. आणि तोंडाजवळच्या या आंखूड पायांचीं टोकें फुगलेलीं. हा नर आहे, वयांत आलेला." विक्रेत्यास विचारलें. त्यानें निमूटपणें मान डोलाविली. विचारलें असतें तर सांगितलें असतें, म्हणाला. आम्हीं पाकीट परत ठेविलें. मुलाच्या गणिताविषयीं आमचें मत कांहींही असो, पाहण्याची दृष्टि त्यास आहे.

मग आम्हीं शिक्षकी थाटानें एकामागून एक प्रश्न घातले. मादी जंगलांतून पकडलेली कीं पाळीव आईबापांची? मागची कात केव्हां टाकली? शेवटचें खाल्लें केव्हां? मादी म्हणतां तें कशावरून? उत्तरें नीट आलीं. टाकलेल्या कातीच्या आंतल्या बाजूस मादीची खूण भिंगाखालीं दिसते. ती कात त्यानें जपून ठेविली होती, तारीख डब्यावर होती. पोट सुरकुतलेलें नव्हतें, आठही पाय शाबूद, डब्यांत पाण्याची वाटी. सूनबाईंनीं स्वतः वांकून पाहिलें आणि म्हटलें, "हीच."

पेटी ठेंगणी घेतली, कारण हे कोळी वजनदार. हातभर उंचीवरून पडले तरी पोट फुटून मरतात. खालीं नारळाच्या भुशाचा जाड थर, एक वाटी पाणी, लपावयास झाडाची साल, आणि वर कुलूप. हातावर घ्यावयाची नाहीं, असें ठरलें. त्यांत तिचेंच हित अधिक. खाणें आठवड्यास एकदोन रातकिडे.

हें वाचून येथील कोणा मुलानें हट्ट धरला तर पालकांनीं एवढें लक्षांत ठेवावें: वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सायटिसच्या परिशिष्टांतील विदेशी प्राणी बाळगणारास सरकारदरबारीं नोंद करणें भाग आहे, आणि सह्याद्रींतला कोळी उचलून घरीं आणणें तर मुळींच नको.

आम्ही परत आलों. नोव्हेंबरांत एके दुपारीं सूनबाईंचा फोन आला. आवाज जड. "मामंजी, ती गेली वाटतें. तीन आठवडे खात नव्हती, आतां पाठीवर पडली आहे, पाय वर." मुलगा शाळेंत, चिरंजीव कचेरींत. आमचें वाचन ताजें होतें. मेलेला कोळी पाय पोटाखालीं आंखडून पडतो. पाठीवर पडलेला कात टाकीत असतो. हात लावूं नका, रातकिडा आंत असेल तर आधीं काढा, असें आम्हीं सांगितलें. फोन त्यांनीं ठेविला नाहीं. दोन तास मध्येंमध्यें "आतां एक पाय निघाला" असें सांगत त्या पेटीसमोर बसून होत्या. छकुली शेजारच्या खोलींत निजली होती. संध्याकाळीं नातवाचें छायाचित्र आलें: जुनी कात एकीकडे, आणि शेजारीं ती, नव्या केंसांची, जरा मोठी. दांत घट्ट होईपर्यंत कांहीं घालावयाचें नव्हतें. बारा दिवसांनीं पहिला रातकिडा खाल्ला. तो सूनबाईंनीं लांब चिमट्यानें सोडला. रातकिडे विकत आणण्याचें काम मात्र अद्याप चिरंजिवांकडेच आहे.