ऐंशी पर्सेंटाइल आहेत, मग शिष्यवृत्ती मिळेल का?

बारावीचा निकाल लागला की करमाडसारख्या गावात दोन प्रश्न एकदमच पुढे येतात. कॉलेज कुठलं, आणि पैसे कुठून? करमाड छत्रपती संभाजीनगरपासून जालना रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर आहे. कॉलेजसाठी रोज ये-जा करा किंवा शहरात खोली घ्या, खर्च दोन्हीकडे आहेच. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "मार्क चांगले आहेत, शिष्यवृत्तीचा फॉर्म भर, मिळून जाईल."

खरंच मिळून जाईल का? आकडे पाहू.

मुख्य योजना कोणती?

गुणवत्तेवर मिळणारी एक मोठी सरकारी शिष्यवृत्ती म्हणजे केंद्र सरकारची 'केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजना'. ती आता 'पीएम-यूएसपी' या नावाखाली येते. देशभरात दरवर्षी 82,000 नव्या विद्यार्थ्यांना ती मिळते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. निम्म्या जागा मुलींसाठी आहेत.

दोन मुख्य अटी आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत हवं, आणि बारावीत आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असायला हवं.

80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के का?

नाही. घोळ इथेच होतो. 80 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या दर 100 विद्यार्थ्यांपैकी 80 जण तुमच्या मागे आहेत. तुम्ही वरच्या 20 टक्क्यांत आहात.

आता हा 'वरचा पाचवा हिस्सा' किती मोठा आहे ते बघा. 2025 च्या बारावी परीक्षेत राज्यात 13 लाखांहून जास्त नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांचे 20 टक्के म्हणजे सुमारे 2 लाख 60 हजार. देशभरातल्या सगळ्या 82,000 जागा एकट्या महाराष्ट्राला दिल्या तरी एवढ्या मुलांना पुरणार नाहीत.

म्हणजे 80 पर्सेंटाइल हे फक्त रांगेत उभं राहण्याचं तिकीट आहे. निवड पुढे गुणवत्ता यादीनुसार होते.

महाराष्ट्राच्या वाट्याला किती?

सीबीएसई आणि आयसीएसई बोर्डांचा हिस्सा वेगळा काढून बाकीच्या जागा राज्यांना 18 ते 25 वयोगटाच्या लोकसंख्येनुसार वाटल्या जातात. 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा 9 टक्क्यांच्या थोडा वर होता. ढोबळ हिशेबाने राज्याच्या वाट्याला सात-साडेसात हजार जागा येतात.

साडेसात हजार धरल्या, तर उत्तीर्ण झालेल्या दर 175 जणांमागे एक जागा. 80 पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांमध्ये दर 35 जणांमागे एक. प्रत्यक्षात चित्र याहून थोडं बरं असतं, कारण यातले अनेक जण उत्पन्नाच्या अटीत बसत नाहीत आणि अनेक जण फॉर्मच भरत नाहीत.

शाखेने फरक पडतो का?

बराच पडतो. राज्याच्या जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात 3:2:1 या प्रमाणात वाटल्या जातात. 2025 च्या परीक्षेसाठी विज्ञान शाखेतून 7,68,967, कला शाखेतून 3,80,410 आणि वाणिज्य शाखेतून 3,19,439 विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. वाणिज्यची मुलं कलाच्या मुलांपेक्षा कमी, पण जागा दुप्पट. कला शाखेत चुरस सर्वांत जास्त आहे. आणि गावाकडच्या ज्या मुलामुलींना घरच्या परिस्थितीमुळे बीए करावं लागतं, ती याच रांगेत आहेत.

उत्पन्नाची अट कुणाला अडवते?

साडेचार लाख म्हणजे महिन्याला 37,500 रुपये. करमाडच्या शेजारी शेंद्रा एमआयडीसी आहे. तिथल्या कंत्राटी कामगाराचं किंवा कोरडवाहू शेतकऱ्याचं घर या मर्यादेत बसतं. कंपनीत कायम असलेला जुना कामगार बाहेर पडू शकतो, घरात शिकणारी मुलं तीन असली तरी.

दोन्ही लाभ घेता येतात का?

नाही, आणि हे फॉर्म भरण्याआधी माहीत हवं. दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणाऱ्याला ही केंद्रीय शिष्यवृत्ती मिळत नाही. राज्यात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीने 12,000 रुपयांसाठी ही माफी सोडणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. शुल्क मुळातच कमी असलेल्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विद्यार्थ्याला मात्र केंद्रीय शिष्यवृत्ती जास्त उपयोगी पडते.

खासगी शिष्यवृत्त्यांचं काय?

नाव मोठं म्हणून स्पर्धाही जास्त असेल, असं समजू नका. रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या पहिल्या वर्षातल्या 5,000 विद्यार्थ्यांना संपूर्ण पदवीसाठी दोन लाखांपर्यंत मदत देतं. 2023-24 मध्ये त्यासाठी सुमारे 58,000 अर्ज आले होते, म्हणजे साधारण बारा अर्जांमागे एक निवड. ऑनलाइन अभिक्षमता चाचणी द्यावी लागते, पण रक्कम कितीतरी मोठी आहे.

निवड झाली म्हणजे पैसे मिळाले का?

नेहमीच नाही. परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्राच्या 'नॅशनल ओव्हरसीज' शिष्यवृत्तीत 125 जागा आहेत. 2025 मध्ये 106 जणांची निवड झाली, पण जुलैच्या सुरुवातीला तात्पुरती पत्रं फक्त 40 जणांना मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असं सांगण्यात आलं.

मग करायचं काय?

क्रम उलटा लावा. आधी जे स्पर्धेशिवाय, अट पूर्ण केली की मिळतं, ते पदरात पाडून घ्या: महाडीबीटी पोर्टलवरची शुल्कमाफी, अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा निर्वाह भत्ता. यातलं काही लागू होत नसेल किंवा रक्कम फारच किरकोळ असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्रीय शिष्यवृत्तीचा अर्ज करा. खासगी अर्ज सोबत भरा, पण दोन लाभ एकत्र चालतात का, हे त्या त्या योजनेच्या नियमांत वाचूनच.

तहसीलचा उत्पन्न दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार ठेवा. अर्ज भरला की कॉलेजच्या कार्यालयात जाऊन पडताळणी झाली का ते विचारा. कॉलेजने ऑनलाइन पडताळणी केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि पहिल्या वर्षाचा खर्च मांडताना स्पर्धेतल्या शिष्यवृत्तीचे पैसे जमेत धरू नका.