आधी पाखरू, मग फोटो



थंडी पडली की आमच्या वसईच्या किनाऱ्यावर दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एक पंखवाले, दुसरे कॅमेरेवाले. भुईगाव, कळंब, अर्नाळा, कुठेही रविवारी सकाळी जाऊन बघा. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत रेतीत गाड्यांच्या चाकांचे पट्टे दिसतात. मी कुणाला नावं ठेवायला बसलो नाही. मीसुद्धा त्यातलाच. मुलीने जुना कॅमेरा दिला तेव्हापासून मलाही हे वेड लागलंय. पण आज माझी एक चूक सांगतो, मग माझं मत सांगतो.

आमच्या वाडीत बावखल आहे. जुन्या लोकांनी खणलेलं, पावसाचं पाणी साठवायचं. त्यात मी थोडे मासे सोडले होते. खंड्या आणि बगळे मासे नेतात म्हणून वरून जुनं नायलॉनचं जाळं पसरलं. मागच्या डिसेंबरात सकाळी केळीला पाणी सोडायला गेलो तर जाळ्यात खंड्या अडकलेला. एवढा जवळून खंड्या मी आधी कधी पाहिला नव्हता. निळा रंग उन्हात नुसता चमकत होता. मी काय केलं? घरी धावत गेलो आणि कॅमेरा आणला. दहा-बारा फोटो काढले, या बाजूने, त्या बाजूने. मग कातर आणून जाळं कापलं. तोपर्यंत त्याने फडफड करून स्वतःला आवळून घेतलं होतं. हातात घेतला तेव्हा चोच उघडी होती. थोड्या वेळाने गेला.

फोटो मात्र फार छान आला होता. लोकांनी दोनशेच्या वर लाईक दिले. काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

जाळं त्याच दिवशी काढलं. चार मासे गेले तर गेले. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी पाखरू, मग फोटो.

आता किनाऱ्याचं बघा. भरतीच्या वेळी चिखल्या, तुतवार, कुरव कोरड्या रेतीवर थवा करून बसतात. आपल्याला वाटतं, बसलेत निवांत, उडवले तर काय बिघडतं? मग कुणीतरी पळत जातो, कुणी गाडी घालतो, आणि दुसरा उडत्या थव्याचा व्हिडिओ घेतो. अहो, ती त्यांची विश्रांतीची वेळ असते. ओहोटी लागली की ओल्या रेतीतले किडे, शिंपले खायचे आणि अंगात चरबी साठवायची, हे त्यांचं हिवाळ्यातलं काम. चिखल्याचं वजन साठ-सत्तर ग्रॅम. त्यातले काही लडाख-तिबेटच्या बाजूला जाऊन अंडी घालतात. हिमालय ओलांडायचं डिझेल ते इथे भरतात. आपण दिवसातून दहा वेळा उडवलं तर ते इथेच जळून जातं. नांगरणीच्या आदल्या दिवशी बैल कुणी उगाच पळवतो का?

ही पाखरं काय करू शकतात त्याचा एक दाखला देतो. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत टास्मानियाला पोचलं. सुमारे १३,५६० किलोमीटर. पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र होतं म्हणून कळलं. त्याच जातीचे पाणटिवळे वेगळ्या वाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात. अशा पाहुण्याला रीलसाठी पळवायचं, आणि कुरवांना गाठी-शेव टाकायची, हे मला पटत नाही. तेलकट खारट खाणं त्यांचं नाही.

मग फोटो काढायचाच नाही का? जरूर काढा. माझी पद्धत सांगतो. भरती चढायच्या आधी जाऊन एका जागी बसायचं, उभं राहायचं नाही. पाणी चढलं की पाखरं आपोआप आपल्याकडे सरकतात. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि रंग नीट दिसतात. संध्याकाळी समोरून येतं, सगळं काळं दिसतं. पाखरांनी खायचं थांबवून माना वर केल्या की समजायचं, आपण फार जवळ आलो. तिथूनच मागे फिरायचं.

आणि फोटोवर तारीख लिहायची. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत काळं नसतंच, कानामागे नुसता ठिपका असतो. फेब्रुवारी-मार्चकडे डोकं काळं व्हायला लागतं. हे मला पुस्तकाआधी माझ्याच तारीखवार फोटोंनी दाखवलं. पायात कडी दिसली तर आकड्यासकट फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला, म्हणजे १८८३ पासूनच्या त्या संस्थेला, कळवावं.

घरच्या वाडीतही हेच. वालाच्या मांडवावर कोतवाल आणि वेडे राघू एकाच कोपऱ्यात घिरट्या घालताना दिसले तर मी आधी फोटो काढतो, मग तिथली पानं उलटून बघतो. बऱ्याचदा अळी तिथेच सापडते. मग फवारणी सगळीकडे न करता तेवढ्यातच भागतं. पाखरं सगळी आपल्या फायद्याची असतात असं मी म्हणत नाही. वेडा राघू मधमाश्याही खातो, पोपट पेरू नासवतो. पण वहीत नोंद असली की कोण काय खातो ते कळतं, ऐकीव राहत नाही. कृषी अधिकारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना विनंती, पक्षीथांबे लावा म्हणून सांगता, तसं उघडी नायलॉन जाळी लावू नका हेही शिबिरात सांगा.

संक्रांत जवळ येतेय. पतंगाचा मांजा माडाला लटकलेला दिसला तर काढून टाका. जखमी पाखरू दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री नंबर लावा. फोटो नंतर.

त्या खंड्याचा फोटो मी पेजवरून काढला आहे, पण मोबाईलमध्ये ठेवलाय. किनाऱ्यावर निघताना एकदा बघतो.

तुमच्या शेतात यंदा कोण कोण पाहुणे आलेत, गाव आणि तारखेसकट लिहा.