धंदा तिचा, तर खातेही तिचेच!



आपल्या वस्त्यांतून एक चांगला बदल दिसू लागला आहे. पूर्वी आपल्या भगिनींचा माल खपायचा तो ठराविक दिवशी. १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला, नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर. बाकी वर्षभर दारावरचे गिऱ्हाईक आणि उधारीची वही. आता मसाला करणारी, ब्लाऊज शिवणारी, पांढऱ्या साड्या विकणारी भगिनी मोबाईलवर मालाचा फोटो टाकते आणि चार स्टेशने पलीकडून ऑर्डर येते. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये मालाची यादी, फोटो आणि भाव एकदा भरून ठेवले की ते फुकटात गिऱ्हाईकापर्यंत पोचतात. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण समाजकार्याच्या निमित्ताने घरोघरी जाताना आम्ही एक प्रश्न हटकून विचारतो, "ताई, पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात?" उत्तर बहुधा एकच, "ह्यांच्या." मोबाईल मुलाचा, खाते नवऱ्याचे आणि चुलीपुढे घाम गाळणारी मात्र ती! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातल्या सुमारे ७९ स्त्रियांकडे स्वतः वापरतात असे बँक खाते होते. पण स्वतः वापरतात असा मोबाईल फक्त ५४ जणींकडे होता. खाते आहे, पण धंद्याची चावी दुसऱ्याच्या खिशात, अशी ही गत.

यात नुकसान काय? बँक कर्ज देताना खात्यातली उलाढाल पाहते. तीन वर्षे धंदा करूनही पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले असतील, तर बँकेच्या लेखी त्या ताईंनी एक रुपयाही कमावलेला नसतो. उद्या घरात वाद झाला, कोणी व्यसनी निघाला, तर हातात काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललीच पाहिजे. यूपीआयने पैसे पाठवताना गिऱ्हाईकाला खातेदाराचे नाव दिसते. आडनाव कळले की पुन्हा ऑर्डर येणार नाही, या भीतीने काही भगिनी शेजारणीचा कोड लावतात. खाण्याच्या पदार्थाच्या बाबतीत ही भीती जास्त, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण नाव लपवून कमावलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जातो आणि मान कायमची खाली राहते. त्यापेक्षा एफएसएसएआयची नोंदणी करावी, तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा आणि खाली आपले पूर्ण नाव लिहावे. ज्याला मसाल्यातही जात शोधायची असेल, त्याने खुशाल दुसरीकडे जावे. मात्र आपल्या समाजाचीही जबाबदारी आहे. लग्नकार्याचा, जयंतीचा माल आधी आपल्या भगिनींकडून घ्यावा, आणि रोख घ्यावा.

हिशेबाचे म्हणाल, तर भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. यापेक्षा सोपे हिशेबशास्त्र आम्हाला बी.कॉम.लाही कोणी शिकवले नाही! भाव ठरवताना कच्चा माल, गॅस, पाकीट यांबरोबर आपली मजुरी धरावी. ती न धरता उरतो तो नफा नव्हे. आणि फसवणूक टाळावी. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, पिन मागणारा भामटाच समजावा. फसलात तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. स्त्रीला संपत्तीत हक्क मिळावा म्हणून ते हिंदू कोड बिलासाठी झगडले. ते बिल रखडले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी सत्तेवर पाणी सोडले, तो हक्क आपल्याच घरात आपण नाकारायचा काय?

बंधूंनो, या आठवड्यात एवढे करा. पत्नीला, मुलीला, सुनेला घेऊन बँकेत जा. तिचा नंबर तिच्या खात्याला जोडा, तिच्या नावाचा कोड काढा आणि पिन तिलाच ठरवू द्या. तो विचारूही नका.

जयभीम!