परिचारिकांना ड्यूटीच्या वेळेतच श्वसनसरावासाठी दहा मिनिटे मिळावीत

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांसाठी प्रत्येक पाळीत श्वसनसरावाची सोय करणेबाबत.

महोदय,

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ला आजार म्हटलेले नाही, नोकरीतला ताण वेळीच हाताळला न गेल्याने उद्भवणारी स्थिती म्हटले आहे. ताण नोकरीतला असेल, तर त्यावरचा उपाय परिचारिकेने घरी, स्वयंपाक उरकून, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून करावा, हे न्याय्य नाही. रात्रपाळीत पहाटे चारला डोळे जड झालेले असतानाच इंजेक्शनची मात्रा अचूक काढावी लागते. तिथे थकवा हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न होतो.

शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणून उच्छ्वास लांबवला, की व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटे दीर्घ उच्छ्वासाचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. तो अभ्यास खास परिचारिकांवर नव्हता, त्यामुळे आम्ही चमत्काराचा दावा करीत नाही. पण खर्च जवळजवळ नसलेला उपाय नाकारायलाही कारण दिसत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास होत आला आहे, तेव्हा मार्गदर्शनासाठी राज्याबाहेर जाण्याची गरज नाही.

वॉर्ड रिकामा कसा सोडायचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एकेकीला आळीपाळीने सोडावे आणि तेवढा वेळ तिच्या रुग्णांची जबाबदारी कोणाकडे, हे परिसेविकेने ड्यूटीच्या तक्त्यातच लिहावे. दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो : मनुष्यबळ कमी ठेवायचे आणि वर दीर्घ श्वास घ्या म्हणायचे, ही पळवाट ठरेल. ही भीती खोटी नाही. रिक्त पदे भरण्याची आमची मागणी कायम असून हा सराव तिला पर्याय म्हणून आम्हाला मान्य होणार नाही. सराव ऐच्छिक असावा, गोपनीय अहवालात त्याची नोंद नसावी. गर्भवती, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्या भगिनींना कपालभाती, कुंभक असे प्रकार करायला लावू नयेत. बसून केलेले संथ श्वसन पुरेसे आहे.

तरी प्रत्येक पाळीत दहा मिनिटे, वॉर्डाजवळ एक शांत खोली आणि त्या वेळेपुरती बदली परिचारिका देण्याचे लेखी आदेश सर्व अधिष्ठात्यांना द्यावेत, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
शासकीय रुग्णालयांतील अधिपरिचारिका व परिसेविका