खोडव्याच्या पाचटाला काडी लावू नका!

उसाची तोड उरकून टोळी पुढच्या फडात गेली, की पाचट पेटतं. यंदा ते पेटवू नका. ठरवायचं ते आजच ठरवा.

जळतं ते नुसतं पाचट नव्हे. उसाच्या मुळांत मायकोरायझा ही बुरशी राहते. कृषी सेवा केंद्रात ती 'व्हॅम' म्हणून मिळते. ती स्फुरद आणून देते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, नत्राबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मूळ पोहोचत नाही तिथे तिचे तंतू शिरतात, मातीतलं अमोनियम आणि नायट्रेट शोषतात, आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या रूपात वाहून आणतात आणि मुळात मोकळं करतात. बदल्यात ऊस तिला साखर देतो. कारखान्याच्या आधीचा हा वाटेकरी, पण काट्यात न मारणारा!

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो. त्यातला काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तंतूंचं जाळं शाबूत असेल तर ही गळती कमी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. खोडव्यात तर जमीन नांगरलेली नसते, जाळं आयतं विणलेलं असतं. आग त्याचा वरचा थर भाजते आणि पाचटातला नत्र धुरात घालवते.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं: ही बुरशी हवेतला नत्र बांधत नाही. तसं सांगून कुणी पुडी विकत असेल तर घेऊ नका. पाचट कुजवणं हेही तिचं काम नाही. ते जिवाणू आणि इतर बुरश्या करतात, आणि सुरुवातीला मातीतला नत्र स्वतःच खातात. म्हणून पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं संवर्धन टाका. नाहीतर खोडवा पिवळा पडतो आणि बोल पाचटाला लागतो.

बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, बगला फोडू नका. माती परीक्षणाशिवाय डीएपी ओतू नका. स्फुरद फार झाला की मुळं बुरशीला थारा देत नाहीत. आणि शेजारच्या फडवाल्याशी आजच बोला. तो ऐकत नसेल, तर बांधालगतचं पाचट आधी आत ओढा आणि त्या सऱ्यांना पहिलं पाणी द्या.