राखीव गडी आणि पेढीचा धनी

धंद्यात चार माणसे एकदिलाने कशी नांदवावी, हा प्रश्न आमच्या गोंदियासारख्या गावी नित्य निघतो. येथील राईस मिल, आडतीची दुकाने, तेंदूपत्त्याचा व्यवहार, ही बहुधा घरची माणसे आणि काही जुने नोकर ह्यांवर चालतात. भांडवल असते, माल असतो, गिऱ्हाईकही असते. तरी पेढ्या दुभंगतात. त्याचे कारण रोजकीर्दीत सापडत नाही. ते क्रीडांगणावर सापडते, असे आम्ही म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. म्हणून एक हकिकत सांगतो.

1988 च्या फेब्रुवारीत मुंबईस आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या शालेय स्पर्धेत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या मुलांनी 664 धावांची अभंग भागी केली. ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. परंतु त्यांच्यामागून खेळावयाचा अमोल मुझुमदार हा 13 वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. तिघेही रमाकांत आचरेकर ह्यांचे शिष्य. पुढे मुझुमदारांनी रणजीच्या पदार्पणातच 260 धावा काढल्या, प्रथम श्रेणीत 11,000 हून अधिक धावा जमविल्या, मुंबईचे नेतृत्वही केले. तथापि भारताच्या संघात त्यांस एकदाही स्थान मिळाले नाही.

हेच गृहस्थ ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2025 च्या विश्वचषकात हा संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड ह्यांच्याकडून लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज हिला पुढच्याच सामन्यात परत घेण्यात आले आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यात आले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिले ते एवढेच, की त्यांच्यापेक्षा आपणांस एक धाव अधिक हवी. विजयास 339 धावा लागत होत्या. जेमिमाने नाबाद 127 काढून सामना जिंकून दिला. प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळे मूळ संघात नसलेली शफाली वर्मा ऐन वेळी आली. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात तिने 87 धावा काढल्या, दोन बळी घेतले, आणि भारत 52 धावांनी विजयी झाला. सामना संपताच कर्णधार हरमनप्रीत कौर हिने प्रशिक्षकांच्या पायांस हात लावला.

हे श्रेय एकट्या प्रशिक्षकाचे नव्हे, हे उघडच आहे. परंतु संस्कृतात 'योजक' असा एक सुरेख शब्द आहे. कोणाची जागा कोठे, हे ओळखून ज्याला त्याला तेथे लावतो, तो योजक. ज्याने स्वतः पाळीची वाट पाहिली, त्यास वाट पाहणाऱ्याचे मन कळते. आणि आज वगळलेला मनुष्य उद्या उपयोगी पडावा, असे वाटत असेल तर त्याची उमेद आज राखावी लागते.

आता आपल्या पेढ्यांकडे पाहा. थोरला भाऊ गादीवर असतो. पुतण्या दहा वर्षे शेजारी बसतो, पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती येत नाही. सून वाणिज्याची पदवीधर असते, पण तिला वही दाखविण्याचे कोणास सुचत नाही. दोघेही पॅड बांधून बसलेलीच आहेत. एके दिवशी पुतण्या नागपुरास किंवा पुण्यास नोकरी धरतो, आणि मग घरातील वडील म्हणतात की, हल्लीच्या मुलांस घराची ओढ नाही. आमच्या मते ओढ होती, पाळी नव्हती.

ह्यावरील उपाय खर्चाचा नाही. एका हंगामाची धानखरेदी सर्वस्वी एकाच्या नावे करावी. मर्यादा आधी सांगावी, आणि मध्ये हात घालू नये. प्रशिक्षक सीमारेषेबाहेर बसतो, फलंदाजाच्या हातची बॅट काढून घेत नाही. वर्षाचे उद्दिष्ट मुनिमापासून हमालापर्यंत सर्वांस एका वाक्यात कळेल असे असावे. चूक झाल्यास कडक बोलावे, पण दार लावून बोलावे. गिऱ्हाइकासमोर केलेली कानउघाडणी सुधारणेच्या उपयोगी पडत नाही. आणि एखाद्याचे काम काढून घेणे भागच पडले, तर कारण त्यास स्वतः सांगावे व परत येण्याची वाट मोकळी ठेवावी.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात नवे धान बाजारात येते आणि लक्ष्मीपूजनास नव्या वह्याही पुजल्या जातात. त्या दिवशी पहिल्या पानावर श्रीकार काढल्यावर, ह्या हंगामी कोणाची पाळी, तेही नाव घालून लिहावे, एवढीच आमची घरोघरच्या कर्त्या पुरुषांस सूचना आहे.